पगार : शांत करण्यापासून महिन्याच्या एक तारखेपर्यंत

'पगार' पोर्तुगीजांकडून आला हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पाव, चावी, साबण यांच्या पंगतीत तो नेहमी बसवला जातो. पण ही तिन्ही मुळातही नामंच होती. पगार मात्र पोर्तुगीजमध्ये क्रियापद आहे : पैसे देणे, चुकते करणे.

त्याचं मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. 'पाक्स' म्हणजे शांतता, तह. त्यावरून ते झालं. ही शांतता फार सोज्वळ समजू नये. गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागातल्या, इ.स.पू. ५७ च्या मोहिमेनंतर 'सगळा गॉल शांत झाला' असं ज्युलियस सीझर लिहितो, तेव्हा याच क्रियापदाचं रूप वापरतो. तलवारीने वठणीवर आणला, एवढाच त्याचा अर्थ!

पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये शत्रूच्या जागी सावकार आला. दारात बसलेल्या धनकोला शांत करायचं तर पैसे मोजावे लागतात. त्यातूनच इटालियन 'पागारे', स्पॅनिश आणि कॅटलान 'पागार', फ्रेंच 'पेये'. इंग्रजीतला 'पे'सुद्धा जुन्या फ्रेंचमधलाच. अभिजात लॅटिनमध्ये मात्र देणं चुकवायला 'सोल्वेरे', म्हणजे सोडवणे, हा शब्द होता. आपलं 'फेडणे' त्याच वळणाचं : नेसलेलं लुगडंही फेडतात आणि कर्जही.

जुना अर्थ पुरता गेला नाही. स्पॅनिश-पोर्तुगीज 'आपागार' म्हणजे दिवा किंवा आग विझवणे. आपणही दिवा 'शांत' झाला म्हणतोच. इटालियन 'आप्पागारे' म्हणजे तृप्त करणे. तहान आणि देणं दोन्ही 'भागवणाऱ्या' मराठी माणसाला यात नवल वाटू नये. सगळ्यात वेगळी वाट रोमानियनची. तिथे 'इम्पका' म्हणजे आजही समेट घडवणे. पैसे देण्यासाठी त्या भाषेने स्लाव्हिककडून 'प्लती' घेतला.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्याकडे होती. वेतन, मुशाहिरा असे शब्द हाताशी असूनही मराठीने हे क्रियापद उचललं आणि त्याचं नाम केलं. लिस्बनमध्ये आजही उच्चार जवळजवळ आपल्यासारखाच, पहिला स्वर आखूड. फक्त महिन्याच्या कमाईला तिथे 'सालारियु' म्हणतात. 'पगार' करायचं ते हॉटेलचं बिल.