केबल वाकडी का ठेवतात?

शहराखालच्या उच्चदाब केबलच्या बोगद्यात शिरलं की आधी डोळ्यात भरतो तो वाकडेपणा. दंडापेक्षा जाड केबल भिंतीलगतच्या आधारांवर ओळीने ठेवलेल्या, पण एकही सरळ नाही. ठरावीक अंतरावर पट्ट्याने आवळलेली आणि मध्ये झोळ दिलेली. काम घाईत उरकलंय असंच वाटतं. पण हा झोळ मोजूनमापून दिलेला असतो. तांबं ५० अंशांनी तापलं तर किलोमीटरमागे सुमारे ८५ सेंटिमीटर वाढतं. केबल ताणून बसवली असती, तर या वाढीचा सगळा रेटा जोडांवर आला असता. आता विजेचा भार चढला की झोळ किंचित वाढतो, उतरला की कमी होतो, एवढंच.

जमिनीखालून वीज नेताना खरी डोकेदुखी असते ती उष्णतेची. मनोऱ्यांवरच्या उघड्या तारांना वारा फुकट मिळतो. केबलमधलं तांबं मात्र पॉलिथिनच्या जाड थरात गुंडाळलेलं. हा थर वीज अडवतो आणि उष्णताही कोंडतो. तांबं सतत ९० अंशांच्या वर राहिलं, तर थर अकाली जुना होतो.

मग केबल सरळ मातीत का पुरू नये? पुरतातही. माती ओलसर आहे तोवर ती उष्णता ओढून घेते. सुकली की तिचं हे काम मंदावतं, केबल आणखी तापते आणि माती आणखी सुकते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मध्यवस्तीला वीज पुरवणाऱ्या चार मुख्य केबल १९९८च्या उन्हाळ्यात महिनाभरात एकामागून एक बंद पडल्या आणि तिथले व्यवहार काही आठवडे कोलमडले. कारणं अनेक होती, पण उष्णता नीट वाहून न नेणारी माती हे त्यातलं एक. पुढे तिथे सुमारे ९ किलोमीटरचा बोगदा खणला गेला.

बोगद्यात पंख्यांनी हवा खेळवता येते आणि दुरुस्तीसाठी रस्ता फोडावा लागत नाही. सिंगापूरमध्ये तर असे बोगदे सुमारे ६० मीटर खोल गेलेत.

मला सर्वांत आवडते ती तापमान मोजायची युक्ती. केबलसोबत काचेचा प्रकाशतंतू टाकतात आणि त्यात लेसरचे झटके सोडतात. थोडा प्रकाश काचेच्या रेणूंवरून मागे परततो. त्यातल्या काही भागाचा रंग निळ्याकडे सरकलेला असतो. काच जितकी गरम, तितका हा भाग जास्त. परतायला लागलेल्या वेळेवरून जागा कळते. म्हणजे खाली कोणी न उतरता नियंत्रण कक्षात दिसतं, कितव्या मीटरला केबल तापतेय.