चालता येतं, पण उठता येतं का?

माझी मामी 78 वर्षांची आहे. रोज संध्याकाळी सोसायटीच्या बागेला दहा फेऱ्या मारते. पाऊस आलाच तर गॅलरीत येरझाऱ्या घालून फोनवरचा पावलांचा आकडा पुरा करते. आणि घरी येऊन खोल सोफ्यात टेकली की उठताना म्हणते, "अगं, जरा हात दे." एवढं चालणारी बाई उठताना का अडते?

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन तऱ्हेचे तंतू असतात. संथ तंतू कमी जोर लावतात, पण तासन् तास थकत नाहीत. जलद तंतू झटक्यात मोठा जोर लावतात आणि लवकर दमतात. मेंदू काम देताना आधी संथांना बोलावतो आणि ओझं वाढलं तरच जलद तंतूंना हाक मारतो. बागेतल्या रमतगमत फेऱ्या संथ तंतूंवरच निभावतात. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, ठेच लागल्यावर तोल सावरणं, ही कामं जलद तंतूंची, आणि वयाबरोबर जास्त रोडावतात तेही हेच. चालण्याने हृदय, साखर, झोप सगळ्याला फायदा होतो. मामीच्या फेऱ्या मी बंद करायला सांगणार नाही. पण मांडीच्या त्या तंतूंपर्यंत हाकच पोचत नाही.

ती पोचवली तर काय होतं, हे 1990 साली बोस्टनच्या एका वृद्धनिवासात दिसलं. मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 10 जणांना वजनं उचलायला लावली. वयं 86 ते 96! वजनंही लुटुपुटीची नव्हेत. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या सुमारे 80 टक्क्यांपर्यंत नेलेली, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. शेवटपर्यंत टिकलेल्या 9 जणांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणारे तिघे होते, त्यातला एक आपला आपण उठू लागला. मग व्यायाम थांबवला, तर चारच आठवड्यांत कमाल ताकद 32 टक्क्यांनी उतरली.

यातला मला सगळ्यात आवडणारा आकडा वेगळाच आहे. ताकद पावणेतीनपट झाली, पण मांडीतल्या स्नायूचा आकार वाढला फक्त 9 टक्क्यांनी. मग उरलेली ताकद आली कुठून? बरीचशी मज्जासंस्थेतून. किती तंतूंना एकदम कामाला लावायचं, कुठल्या क्रमाने, हे मेंदू आणि मज्जारज्जू नव्याने शिकले. नव्वदीत!

याच गटाने 1994 मध्ये 100 वृद्धांवर पुढचा प्रयोग केला. त्यात काहींना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं. त्यांची ताकद वाढली नाही. प्रोटीन पावडरचे डबे कपाटात रचून ठेवणाऱ्या मुलांनी हे जरूर वाचावं.

आता बुद्धीचं. इथे जपून बोलायला हवं, कारण व्यायामाने विसरभोळेपणा जातो असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 120 वृद्ध होते. वर्षभर भरभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्याच्या कामातला महत्त्वाचा भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. त्यानंतर 70 ते 89 वयाच्या 1635 जणांचा बराच मोठा 'लाइफ' नावाचा अभ्यास झाला. त्यात व्यायाम करणाऱ्यांचं चालणं जास्त काळ शाबूत राहिलं, पण दोन वर्षांनी घेतलेल्या बुद्धीच्या चाचण्यांत एकूण गटात फरक पडला नाही. पायांबद्दलचा पुरावा भक्कम आहे, स्मरणशक्तीबद्दलचा अजून डळमळीत.

पाय आणि डोकं जिथे एकत्र काम करतात, तिथे मात्र गंमत आहे. स्वीडनमध्ये 1997 साली वृद्धनिवासातल्या 58 जणांबरोबर चालता चालता गप्पा मारून पाहिलं. बोलायचं म्हटलं की 12 जण चालायचे थांबले. त्यातले 10 जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. तोल सांभाळण्यातच डोकं इतकं गुंतलेलं की बोलायला जागा उरत नाही. जिनिव्हात मग 134 वृद्धांना आठवड्यातून एकदा पियानोच्या तालावर चालायला, ताल बदलला की पावलं बदलायला लावलं. सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी घटलं. हे वाचताना मला मंगळागौरीचे खेळ आठवले, अर्थात फुगडी सोडून.

मामीसाठी आम्ही साधंच ठरवलं. डॉक्टरांना विचारून घेतलं, भिंतीला टेकवून एक बिनहाताची खुर्ची ठेवली, आणि दूध तापेपर्यंत त्या खुर्चीतून उठबस. हात छातीवर, श्वास न कोंडता, बसताना धप्पकन न पडता सावकाश. "या वयात उठाबशा? शाळेतसुद्धा कधी शिक्षा झाली नाही मला," ती म्हणाली. पहिल्या दिवशी तीन झाल्या. दोन महिन्यांनी बारा, मग हातात पाण्याची बाटली आली.

आता ती उठबस करताना पाढे म्हणते. पावकी, निमकी, दिडकी धडाधड येतात, कारण ते पाठ आहे, त्याला डोकं लागत नाही. परवा मी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, उलटी म्हणायला सांगितली. पस्तीस, साडेएकतीस, अठ्ठावीस… आणि मामी अर्धवट उठलेल्या अवस्थेत थबकली. "थांब," म्हणाली, "आधी उठू दे मला."