‘आपल्या’ संघाचा आवाज : अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या रेडिओ समालोचकांविषयीच्या मतभेदांची पार्श्वभूमी

अमेरिकेत ऑगस्टच्या अखेरीस कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्याइतकाच वाद आणखी एका माणसावरून होतो. तो माणूस म्हणजे विद्यापीठाच्या सामन्यांचे रेडिओवरून धावते समालोचन करणारा गावचा समालोचक. त्याला त्या संघाचा ‘आवाज’ म्हणतात आणि हा मान अनेकदा तीस-चाळीस वर्षे एकाच व्यक्तीकडे राहतो. एकाच संघावर जीव टाकणाऱ्या चाहत्यांमध्येही त्याच्याविषयी दोन तट असतात. काहींना तो घरातलाच माणूस वाटतो, तर काहींच्या मते तो ‘होमर’ असतो, म्हणजे आपल्या संघाची तळी उचलण्याच्या भरात मैदानावर काय घडले हे सांगायलाच विसरणारा. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. समालोचकाने माहिती द्यावी की ऐकणाऱ्याच्या भावनेत सामील व्हावे, हा पेच या माध्यमाच्या जन्मापासूनचा आहे.

या खेळाचे रेडिओवरील पहिले वर्णन मानवी आवाजात नव्हतेच. 25 नोव्हेंबर 1920 रोजी टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या विद्यापीठांमधील सामन्याचा वृत्तांत ए अँड एमच्या प्रायोगिक केंद्रावरून मोर्स लिपीत पाठवला गेला आणि त्यासाठी चालींची लघुरूपे आधीच ठरवून घेतली होती. चेंडू कोणाकडे आहे, किती यार्ड मिळाले आणि गुण किती झाले, एवढेच त्या टिकटिकीत होते. पुढच्याच वर्षी, 8 ऑक्टोबर 1921 रोजी, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरोल्ड आर्लिन यांनी पिट्सबर्ग आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्या सामन्याचे बोलून वर्णन केले. पिट्सबर्गने तो सामना 21-13 असा जिंकला. माहितीला आवाज मिळाला आणि आवाजाबरोबर स्वभाव, मत आणि पक्षपातही आला.

मत व्यक्त केल्याची पहिली मोठी किंमत टेड ह्युसिंग यांनी मोजली. सीबीएसच्या या नामवंत समालोचकाने 1931 मध्ये हार्वर्डच्या सामन्यात क्वार्टरबॅक (चाली रचणारा आणि चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) बॅरी वुड याच्या खेळाला ‘सडका’ अशा अर्थाचा शब्द वापरला आणि हार्वर्डने आपल्या मैदानाचे दरवाजे त्यांना बंद केले. ह्युसिंग हे राष्ट्रीय वाहिनीचे होते, गावचे नव्हते, तरीही या प्रसंगातून एक गोष्ट उघड झाली : सामना विद्यापीठाचा असेल, तर समालोचकाने किती बोलायचे यावर विद्यापीठ हक्क सांगू शकते. पुढे प्रसारणाचे हक्क ठरावीक केंद्रांना आणि मग मोठ्या कंपन्यांना विकले जाऊ लागले, समालोचकाच्या नेमणुकीला विद्यापीठाची संमती लागू लागली, आणि ‘हा माणूस पगार कोणाचा खातो’ हा चाहत्यांचा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

गावच्या आवाजाला जे प्रेम मिळाले त्याचे मोठे कारण मात्र दूरचित्रवाणीच्या इतिहासात सापडते. सामने घरबसल्या दिसू लागले तर मैदाने ओस पडतील, या भीतीने एनसीएए या नियामक संघटनेने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सामन्यांच्या प्रक्षेपणावर कडक मर्यादा घातल्या. 1982 पासूनच्या करारातही कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येता येत नव्हते. ही मक्तेदारी ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या वतीने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 जून 1984 रोजी सात विरुद्ध दोन मतांनी मोडीत काढली. म्हणजे तब्बल तीन दशके बहुतेक शनिवारी चाहत्याला आपला संघ फक्त ऐकायला मिळत होता. शेतात कापणी करताना, गाडी दुरुस्त करताना किंवा अंगणात पाने गोळा करताना एकच आवाज कानावर पडत असे आणि संपूर्ण मैदान त्या आवाजातूनच उभे राहत असे. ज्यांचे बालपण त्या शनिवारांत गेले, त्यांचे आणि नंतरच्या पिढीचे कान वेगळे आहेत. आजच्या मतभेदांचा बराचसा भाग या एका गोष्टीने उलगडतो, असे मला वाटते.

त्या तीन दशकांत दोन घराणी स्पष्ट झाली. मिसिसिपी स्टेटचे जॅक क्रिस्टिल हे पहिल्याचे उत्तम उदाहरण होत. 1953 मध्ये त्यांना नेमताना क्रीडासंचालक डूडी नोबल यांनी रोखठोक बजावले होते की गुण किती, चेंडू कोणाकडे आणि वेळ किती उरला हे सांगायचे, बाकी पाल्हाळ नको. क्रिस्टिल यांनी 58 हंगाम, 2011 पर्यंत, तो शब्द पाळला. आपला संघ वाईट खेळला तर ते तसे सांगत आणि त्यांच्या रुक्ष स्वरातली नाराजी लपत नसे. म्हणूनच मोठ्या विजयानंतर ते जेव्हा हा सामना ‘गडद तांबड्या आणि पांढऱ्या रंगात’, म्हणजे संघाच्या रंगांत, ‘गुंडाळून ठेवा’ असे म्हणत, तेव्हा त्या एका वाक्याचे मोल फार मोठे असे.

दुसऱ्या टोकाला मिशिगनचे बॉब युफर होते. 1942 मध्ये 440 यार्डांच्या धावण्यात बंदिस्त मैदानावरचा जागतिक विक्रम करणारे हे मिशिगनचेच माजी धावपटू. विम्याचा व्यवसाय सांभाळत त्यांनी 1945 पासून 1981 पर्यंत समालोचन केले. ते मिशिगनचा उच्चारच मुळी आपल्या ढंगाने ‘मीशिगन’ असा करत आणि गुण मिळाला की दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांच्या जीपवरचा म्हणून ओळखला जाणारा भोंगा वाजवत. तटस्थपणाचा आव त्यांनी कधी आणला नाही. हा आरडाओरडा ज्यांना असह्य होई, त्यांच्यासाठी त्या काळात एक सोय होती. मिशिगनचे सामने अनेक वर्षे एकापेक्षा जास्त केंद्रांवरून प्रसारित होत, त्यामुळे श्रोता सुई फिरवून दुसरा आवाज निवडू शकत असे. नेब्रास्कातही अशीच मुभा होती. हक्क एकाच कंपनीकडे गेल्यावर ही निवड संपली. ज्याला पर्याय नाही त्याच्याविषयीची तक्रार अधिक कडवट होते, हे येथे दिसते.

या दोन टोकांच्या मध्ये जॉर्जियाचे लॅरी मन्सन येतात आणि सर्वांत जास्त वाद त्यांच्याविषयीच आहे. मन्सन मूळचे मिनेसोटाचे, त्याआधी नॅशव्हिलमध्ये काम केलेले. 1966 मध्ये त्यांनी लोकप्रिय एड थिलेनियस यांची जागा घेतली तेव्हा जॉर्जियाने त्यांना लगेच आपले मानले नाही. 1973 मध्ये जॉर्जियाने नॉक्सव्हिलमध्ये टेनेसीला 35-31 असे हरवले तेव्हा त्यांच्या तोंडून निघालेल्या उत्कट उद्गारांनंतर लोक त्यांना जवळचे मानू लागले, असे सांगितले जाते. ते संघाविषयी बोलताना ‘आपण’ म्हणत, पण त्यांची भक्ती चिंतातुर होती. प्रतिस्पर्धी किती धिप्पाड आहेत, वेळ किती शिल्लक आहे, काय काय बिघडू शकते, हे सांगून ते श्रोत्याला धास्तावून सोडत. 1982 मध्ये ऑबर्नविरुद्ध आघाडी टिकवताना त्यांनी चक्क बचावफळीला विनवले की मी फार मागतो आहे हे मला ठाऊक आहे, पण आणखी एकदा पाय रोवा. मैदानावरच्या मुलांना ते ऐकू जाणार नव्हते. ऐकत होते ते घरचे लोक, आणि त्यांच्या मनातलेच कोणीतरी बोलत होते.

8 नोव्हेंबर 1980 चा जॅक्सनव्हिलमधील प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. फ्लोरिडा 21-20 असे पुढे होते, जेमतेम एक मिनिट उरले होते आणि जॉर्जियाचा संघ स्वतःच्या गोलरेषेला पाठ लावून उभा होता. अमेरिकी फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड काटावे लागतात, त्यामुळे कितवा प्रयत्न आणि कोणत्या रेषेवर, हे कळल्याशिवाय श्रोत्याला काहीच दिसत नाही. मन्सन यांनी ते आधी सांगितले : तिसरा प्रयत्न, आठ यार्डांची रेषा. मग बक बेल्यूने पळता पळता चेंडू फेकला, लिंडसे स्कॉटने तो झेलला आणि मन्सन पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस अशा रेषा मोजत गेले. मध्येच ‘पळ, लिंडसे!’ असे ओरडून त्यांनी पुन्हा पंचवीस, वीस, पंधरा, दहा, पाच असे आकडे घेतले. 93 यार्डांची ती चाल संपल्यावर आपल्या बुडाखालची लोखंडी खुर्ची मोडल्याचेही त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. जॉर्जियाने 26-21 असा सामना आणि पुढे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. ज्यांना मन्सन निव्वळ पक्षपाती वाटतात, त्यांनी ही फीत आकड्यांकडे लक्ष देऊन ऐकावी. भावना अनावर झाली तेव्हाही धावणारा खेळाडू कुठे आहे हे श्रोत्याला प्रत्येक क्षणी कळत होते, आणि माझ्या मते ‘होमर’ आणि मोठा समालोचक यांतला फरक हाच आहे.

टेनेसीच्या जॉन वॉर्ड यांचे चाहते नेमका हाच निकष पुढे करून आपला माणूस श्रेष्ठ ठरवतात. कायद्याची पदवी घेतलेले वॉर्ड 1968 ते 1998 या काळात अतिशय काटेकोर वर्णन करत. खेळाडू मोकळा सुटला की ते पाच, चार, तीन, दोन, एक असे यार्ड उतरत्या क्रमाने मोजत आणि ‘द्या त्याला सहा’ म्हणत टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे सहा गुण) जाहीर करत. त्यांचा शेवटचा फुटबॉल हंगाम राष्ट्रीय अजिंक्यपदाचा ठरला. 1999 मध्ये आलेल्या बॉब केसलिंग यांना त्या सावलीतच काम करावे लागले. मागच्या आवाजाशी होणारी ही तुलना जवळजवळ प्रत्येक उत्तराधिकाऱ्याच्या वाट्याला येते. अलाबामात ईलाय गोल्ड यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून माइक सांभाळला होता. 2024 च्या सुरुवातीला त्यांच्या जागी ख्रिस स्टुअर्ट यांची नेमणूक झाली, तेव्हा बदल हवा होता असे म्हणणारे आणि निरोप नीट दिला नाही असे म्हणणारे, दोघेही त्याच संघाचे होते.

कोणत्या कानांनी ऐकतो यावर मत किती ठरते, हे 30 नोव्हेंबर 2013 च्या सामन्याने दाखवले. 28-28 अशी बरोबरी असताना शेवटच्या सेकंदाला अलाबामाची गोलखांबांकडे मारलेली 57 यार्डांची किक तोकडी पडली. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलून थेट दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेतली आणि ऑबर्नने 34-28 असा विजय मिळवला. ऑबर्नचे समालोचक रॉड ब्रॅम्ब्लेट यांचा ‘ऑबर्न सामना जिंकणार!’ हा फाटलेला आवाज देशभर ऐकला गेला. 2019 मध्ये अपघातात ते गेल्यानंतर तर त्याला वेगळेच करुण मोल आले. अलाबामाच्या प्रसारणात साहजिकच तो जल्लोष नव्हता.

आता जवळजवळ प्रत्येक मोठा सामना पडद्यावर दिसतो, पण राष्ट्रीय वाहिनीवरचे समालोचक दोन्ही बाजूंचे असतात, म्हणजे चाहत्याच्या दृष्टीने कोणाचेच नसतात. म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावण्याची जुनी सवय टिकून आहे. अडचण एवढीच की डिजिटल प्रक्षेपणात चित्र काही सेकंद मागे पडते आणि टचडाऊन दिसण्याआधीच ऐकू येतो. रेडिओचा आवाज मुद्दाम उशिरा सोडणारी उपकरणे त्यामुळेच बाजारात आली. घराघरांतून लोक सामन्याच्या पहिल्या किकला बटण फिरवत बसतात आणि बुटाने चेंडू उडवल्याचे चित्र व समालोचकाचा ‘किक’ हा शब्द एका क्षणी जुळला की रिमोट बाजूला ठेवतात.