ऋण सोडणे : ख्रिस्ती धर्मातील प्रीती, क्षमा आणि नियमपालन

देवाची आज्ञा प्रीतीने पाळावी आणि त्या प्रीतीची कसोटी आपले देणे लागणाऱ्याला सोडून देण्यात असते, ही ख्रिस्ती धर्माची एक मूळ शिकवण. यहुद्यांचा नेता मोशे याच्या हातून मिळालेल्या आज्ञांना मराठी ख्रिस्ती ‘नियमशास्त्र’ म्हणतात. प्रेमासाठी त्यांचा शब्द ‘प्रीती’. क्षमेसाठी मात्र त्यांच्यातल्या प्रॉटेस्टंटांच्या रोजच्या प्रार्थनेत सरळ हिशेबाचा शब्द येतो : ऋण. विदर्भाच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात पीककर्ज, सावकार आणि थकबाकी हे शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. तिथे ही शिकवण पुस्तकी राहत नाही, म्हणून नोंदीचा रोख तिकडेच ठेवला आहे.

मूळ वचने

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा येशूने दोन आज्ञा सांगितल्या : देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर (मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय २२). दोन्ही त्याच्या स्वतःच्या नव्हेत. पहिली बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली, दुसरी त्यातल्याच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्यातली. तेव्हा जुन्या करारात नुसता कायदा आणि नव्यात नुसते प्रेम, ही प्रवचनांतून सर्रास ऐकू येणारी वाटणी चुकीची आहे, शिवाय यहुदी परंपरेवर अन्याय करणारी आहे. नियमशास्त्र मोडायला नव्हे, पूर्ण करायला आलो आहे, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात स्पष्ट म्हटले.

लेवीयचा तो एकोणिसावा अध्याय शेतकऱ्याने वाचावा असा आहे. शेजाऱ्यावर प्रीती कर, हे वाक्य येण्याआधी तिथे शेताची गोष्ट येते : कापणी करताना कोनाकोपरा झाडून नेऊ नये, पडलेला सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, हेही तिथेच. अनुवादात दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याची आज्ञा आहे, आणि शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवणाऱ्याला शाप आहे. म्हणजे क्षमा ही नियमशास्त्राला लावलेली मलमपट्टी नव्हे. ती त्या शास्त्रातच, अगदी जमिनीच्या आणि पैशाच्या भाषेत, आधीपासून होती.

आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिताना हे दोन्ही धागे एकाच वाक्यात ओवले. एकमेकांवर प्रीती करण्याखेरीज कोणाच्याही ऋणात राहू नका, कारण प्रीती करणाऱ्याने नियमशास्त्र पाळले आहे, असा त्याचा आशय (रोमकरांस १३). बाकी सगळी देणी फिटतात, हे एक फिटत नाही.

प्रार्थनेतला शब्द

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाठ असलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ओळ आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मत्तयाच्या ग्रीक मजकुरात देणे असाच शब्द आहे, आणि येशूच्या बोलीत, अरामी भाषेत, कर्ज व पाप यांना एकच शब्द होता. लूकच्या शुभवर्तमानात त्या जागी ‘पाप’ आले. मराठी अनुवादकांनी मत्तयात ‘ऋण’ ठेवले हे फार बरे केले. ‘पाप’ म्हटले की माणूस आभाळाकडे बघतो, ‘ऋण’ म्हटले की त्याला एक नाव आठवते.

‘सोडले आहे’ या क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. सोडू असे नाही, सोडले आहे. प्रार्थना म्हणणारा आपला हिशेब आधी मिटवून आलेला आहे, असे ती गृहीत धरते. येशूने प्रार्थना शिकवून झाल्यावर नेमक्या याच ओळीवर पुन्हा बोट ठेवले : तुम्ही माणसांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही.

तालंत आणि दिनार

भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? या शिष्य पेत्राच्या प्रश्नावर येशूने सातांच्या सत्तर पट असे उत्तर दिले आणि निर्दय चाकराचा दाखला सांगितला (मत्तय १८). राजाचे दहा हजार तालंत देणे असलेल्या चाकराला राजाने सगळे माफ केले. तो बाहेर पडला आणि शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा त्याने गळा धरला.

या आकड्यांत गोम आहे. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालंत साधारण सहा हजार दिनारांचा. तेव्हा चाकराचे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले, त्याचे येणे शंभर दिवसांचे. हिशेबापुरती निंदणाऱ्या बाईची रोजी ३०० रुपये धरली, तर सोबत्याकडे ३० हजार रुपये निघतात आणि चाकराकडे १,८०० कोटी. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेले पॅकेज ३,७५० कोटींचे होते. म्हणजे त्याच्या जवळजवळ निम्मी रक्कम एकटा चाकर देणे लागत होता. ऐकणारे हसले असणार, आणि शंभर दिनारांपाशी येऊन गप्प झाले असणार, कारण शंभर दिवसांची मजुरी ही थट्टेची रक्कम नाही. ३० हजार बुडाले तर इकडच्या घरात पुढच्या हंगामाचे बियाणे अडते. क्षमा सोपी आहे असे हा दाखला कुठेही म्हणत नाही.

सरकारी कर्जमाफीशी याची तुलना मंडळीत हमखास होते. २००८ ची केंद्राची माफी, राज्याची २०१७ ची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची योजना लोकांच्या चांगल्या लक्षात आहेत. तुलना एका जागी बसते : यादीत नाव लागलेल्या माणसाने आपल्या सालगड्याची उचल सोडली का, हा प्रश्न दाखल्यातलाच आहे. दुसऱ्या जागी ती तुटते. सरकार अटी लावते, कागद मागते आणि खाते तपासते. राजाने चाकराला काहीच विचारले नाही.

विदर्भातली वाट

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. १८६३ मध्ये नागपूरजवळच नदी ओलांडताना ते बुडून वारले. पुढे अकोल्याकडे अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट अशी वऱ्हाडाची साधारण वाटणी झाली. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, अमरावतीचा १९५५ चा. चांद्याकडे (चंद्रपूर) १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक परंपरेचे फादर आले. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, पण तिथे शिकलेले पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, वऱ्हाडभर पांगले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाही १९७० मध्ये नागपुरातच झाली.

कवी ना. वा. टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. ते वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शत्रूवरही प्रीती करा, हे तीन अध्यायांचे प्रवचन त्यांना तर्काच्या पुस्तकांनी दिले नव्हते ते देऊन गेले, असे ते सांगत.

प्रभुभोजनाआधी

वेदीशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, अशी आज्ञा आहे (मत्तय ५). प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडण्याच्या विधीला, जोडली जाते. कॅथलिकांत पापनिवेदनाचा संस्कार आणि मिस्सा या मुख्य उपासनेतला शांतीचा हात हे काम करतात.

खेड्यातल्या मंडळीत वीस-पंचवीस घरे, त्यातली निम्मी एकमेकांच्या नात्यातली. भांडण बहुधा धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे. मोठ्या भावाच्या शेतात धाकट्याने नांगराची दोन तासे आत घातलेली, आणि वर्षभर दोघांच्या बायकाही नळावर बोलत नाहीत, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रविवारी भाकर मोडण्याआधी पाळक थांबतात. धाकटा सतरंजीवरून उठून मोठ्यासमोर येतो.

‘दादा, चुकलं मायं. माफ करून टाक.’

‘माफ केलं. पण पयले धुरा सरकव, मंग हात मिळवू.’

हे उत्तर कोणाला क्षमेत कमी पडलेले वाटेल. शास्त्राच्या दृष्टीने ते चोख आहे. जकातदार जक्कयने लुबाडलेले चौपट परत देतो म्हटले तेव्हाच त्याच्या घराला तारण, म्हणजे उद्धार, झाल्याचे येशूने जाहीर केले (लूक १९). क्षमा मनातला हिशेब मिटवते; सरकवलेला धुरा आपोआप जागेवर येत नाही.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन चालणाऱ्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचने होतात. पहिला उद्गार क्षमेचा : बापा, यांना क्षमा कर, हे काय करतात ते यांना कळत नाही. एप्रिलचे ऊन, पत्र्याचे छप्पर, वीज गेल्याने बंद पडलेला कूलर, आणि पदराने वारा घेणाऱ्या म्हाताऱ्या. पहिले प्रवचन सगळे जागेपणी ऐकतात, पाचव्यापाशी अर्धी मंडळी पेंगते.

वाद आणि गैरवापर

आज्ञा पाळून तारण मिळते की तारण मिळाल्यामुळे आज्ञा पाळता येतात, हा धर्मसुधारक ल्यूथरपासूनचा वाद आहे. प्रीती ही कृपेची किंमत नसून फळ आहे, हे प्रॉटेस्टंट उत्तर. प्रीतीने जिवंत झालेल्या विश्वासानेच माणूस नीतिमान ठरतो, यावर कॅथलिकांचा भर. ‘प्रीती कर आणि मग हवे ते कर’ हे प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचे वाक्य मोकाट सुटण्याची परवानगी म्हणून वापरले जाते, पण ज्या प्रवचनात ते आले तिथे बाप मुलाला शिक्षा करतो तीही प्रीतीपोटी, हे उदाहरण आहे.

गावात याहून जड प्रश्न वेगळाच आहे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला ‘सातांच्या सत्तर पट’ क्षमा कर, असे बाईला सांगणारे पाळक आणि सासवा आहेत. हा वचनाचा गैरवापर होय. पेत्राच्या प्रश्नाआधीच्याच परिच्छेदात अपराध्याला एकट्याने, मग साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे जाब विचारण्याची पद्धत दिली आहे. ती वगळून पुढची ओळ तेवढी वाचायची, हे सोयीचे वाचन झाले. जातीच्या अन्यायाबाबतही तेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, आणि काही मंडळ्यांत सोयरिकी आजही जात बघून होतात. क्षमा करायची कोणी आणि मागायची कोणी, हे आधी ठरावे लागते.

क्षमेने जाब थांबत नाही, याचे शेजारच्या मध्य प्रदेशातले उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचे. देवास जिल्ह्यात सावकारीत अडकलेल्या शेतमजुरांना त्या संघटित करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये त्यांचा खून झाला. मारेकऱ्याला शिक्षा झाली. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

वर्ध्यात ही शिकवण अर्थशास्त्रापर्यंत गेली. मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणुकीवरचे त्यांचे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिले. दुसऱ्याचे ओरबाडून जगण्यापासून मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सेवा करण्यापर्यंत त्यांनी अर्थव्यवस्थेच्या पायऱ्या मांडल्या, आणि सर्वांत वरची पायरी समजावताना पिलाला भरवणाऱ्या आईचा दाखला दिला. पवनारच्या विनोबांनी नव्या करारातील वचने निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले.

कॅथलिक प्रार्थनेत ‘ऋण’ नाही, ‘अपराध’ आहे. गावातल्या मयतीला दोन्हीकडचे लोक एकत्र उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतात, तेव्हा भाकरीच्या ओळीपर्यंत आवाज बऱ्यापैकी जुळलेले असतात. पुढच्या ओळीला अर्धे लोक ऋण म्हणतात, अर्धे अपराध, आणि क्षणभर नेमके कोण काय मागत आहे ते ऐकू येत नाही.