इनामगावची माणसं आणि त्यांचे दात

गुप्तधनासाठी पांढरीचं टेकाड खणणारी टोळी पकडली, अशी बातमी महाराष्ट्रात अधूनमधून येतच असते. सोबत लिंबू, कुंकू, कोंबडं आणि एखादा मांत्रिक. कधी मजल नरबळीपर्यंत जाते, म्हणून २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. मांत्रिकाला हसणारे शिकलेले लोकही पुरातत्त्व म्हटलं की सोन्याचा हंडाच डोळ्यांपुढे आणतात. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा. चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती शतकानुशतकं साचून ती पांढुरकी होते. तिच्या थरांमध्ये माणसं कशी जगली याची नोंद असते आणि कुदळ एकदा आडवीतिडवी चालली की ती कायमची पुसली जाते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांच्या चमूनं इथं उत्खनन केलं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० एवढ्या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. हे लोक जव पिकवत, गाईगुरं पाळत, हरणांची शिकारही करत. लेकरू दगावलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून पुरत, पण बहुतेकांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून असं करत असावेत, हा एक तर्क आहे.

हा तर्क कुठून येतो? इथंच मानवशास्त्राची गरज लागते. मातीत कृती सापडते, तिच्यामागचा विचार सापडत नाही. म्हणून आजच्या समाजांत तशा कृतीमागे काय काय विचार असतात ते पाहावं लागतं. इनामगावच्या शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. त्यांची मांडणी समजून घेताना ढवळीकरांनी फासेपारधी वस्त्यांमधल्या झोपड्यांशी तुलना केली. अशी तुलना उपयोगाची असते, पण जपून करावी लागते. आजचे पारधी म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचे थिजलेले लोक नव्हेत. त्यांनाही आपल्याएवढाच इतिहास आहे. तुलनेतून शक्यता कळतात, पुरावा वेगळा शोधावा लागतो.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या पुराव्याकडे येतो, तो म्हणजे दात. इनामगावला दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांतली बहुतांश मुलांची होती. हाड जिवंतपणी सतत झिजतं आणि नव्यानं भरतं, त्यामुळे त्यात माणसाची शेवटची काही वर्षं दिसतात. दातावरचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, तसं नाही. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी ते थराथरानं घडवतात आणि काम संपलं की नाहीशा होतात. नंतर त्यात दुरुस्ती नाही, भरही नाही. झाडाच्या खोडात वर्षाची वर्तुळं असतात; इथं रोजच्या रेघा असतात. दाताचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्या मोजता येतात. साधारण आठ-नऊ रोजच्या रेघांनंतर एक ठळक रेघ येते. जन्माच्या धक्क्याची तर वेगळी रेघ उमटते. ती दिसली, की बाळ मृत जन्मलं नव्हतं, निदान आठवडाभर तरी जगलं होतं, हे कळतं. रांजणातल्या बाळाबद्दल दुसरं कोण हे सांगू शकलं असतं?

मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की या पेशींचं काम मंदावतं आणि इनॅमलवर आडवी खाच किंवा खड्डा राहतो. पहिल्या कायमच्या दाढेचा माथा जन्माच्या सुमारास घडू लागतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पुरा होतो. म्हणजे खाच कुठल्या उंचीवर आहे त्यावरून संकटाचं वय काढता येतं. प्राचीन सांगाड्यांचे अभ्यासक जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर असे खड्डे नोंदवले. गोल झोपड्यांच्या काळात पाऊस घटला आणि शेती ढासळली असं ढवळीकरांचं मत होतं. पुढच्या अभ्यासकांनी दुष्काळाच्या मुद्द्यावर प्रश्न उभे केले. तो वाद कसाही सुटो, त्यात साक्ष या मुलांचीच काढावी लागणार.

दात आणखी एक गोष्ट सांगतो: बालपण कुठं गेलं. खडकात रुबिडियम-८७ असतं, म्हणजे रुबिडियम या मूलद्रव्याचा ८७ वजनाचा अणू. ते किरणोत्सर्गानं अतिशय सावकाश, सुमारे ४,९०० कोटी वर्षांच्या अर्धायुष्यानं (म्हणजे निम्मं उरायला एवढा काळ लागतो), स्ट्रॉन्शियम या दुसऱ्या मूलद्रव्यात, स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतं. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र असं तयार होत नाही. म्हणून खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितकं जास्त, तितकं ८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर मोठं. दख्खनचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आणि रुबिडियम कमी असलेला. तिथलं गुणोत्तर बहुधा ०.७१०च्या खाली राहतं. कर्नाटकातले काही नाइस (उष्णतेनं आणि दाबानं बदललेले पट्टेदार) खडक ३०० कोटी वर्षांचे. तिथं ते पुष्कळदा ०.७१५च्या वर जातं. फरक तिसऱ्या दशांश स्थळात, पण मास स्पेक्ट्रोमीटर हे अणू वजनानुसार वेगळे करणारं यंत्र त्याहून कितीतरी बारीक फरक मोजतो. खडकातून मातीत, मातीतून पिकात आणि पाण्यात, तिथून मुलाच्या पोटात असा हा प्रवास. शरीर स्ट्रॉन्शियमला कॅल्शियम समजून दातात बसवतं. ८७ आणि ८६ या दोन्ही समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंच्या, वजनांतला फरक इतका कमी, की वाटेत गुणोत्तर जवळपास बदलतच नाही. हडप्पाच्या दफनभूमीतल्या काही माणसांचं बालपण हडप्पाबाहेर गेलं होतं, हे याच पद्धतीनं कळलं.

यात अडचणीही आहेत. दोन लांबच्या प्रदेशांत खडक सारखाच असेल तर गुणोत्तर सारखंच येतं. घोडकाठी वाढलेला आणि गोदावरीकाठी वाढलेला, दोघंही काळ्या कातळावरचेच. त्यांना निव्वळ स्ट्रॉन्शियमवरून वेगळं करणं अवघड. त्यासाठी आधी त्या त्या गावची झाडं, गोगलगाईंचे शंख, उंदरांचे दात तपासून स्थानिक नकाशा करावा लागतो. नमुना घेताना दाताचा थोडा भाग नष्टही होतो, म्हणून आधी मोजमापं, छायाचित्रं आणि ठसे घेऊन ठेवतात. दात कुठल्या थरातला, कुठल्या घराखालचा, हे लिहिलेलं नसेल तर सगळ्यात महागडं यंत्रही निरुपयोगी. शेतात टाकायला खत म्हणून पांढरीची माती ट्रॉल्या भरून जाते, तेव्हा हेच पत्ते आधी हरवतात. आपल्या गावात असं टेकाड असेल आणि खापरं, हाडं वर आलेली दिसली, तर ती उचलून घरी आणू नयेत. जागेवरच फोटो काढावा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवावं.