कॉलेज फुटबॉल प्लेऑफ २०२६: संघाची पात्रता, निवडीची प्रक्रिया आणि खेळाडूची कागदपत्रं

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफसाठी, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीसाठी, विद्यापीठाला कुठेही अर्ज भरावा लागत नाही. हंगामात बारा सामने होतात. त्यांचे निकाल आणि समोरचे संघ किती तगडे होते हे पाहून १३ जणांची निवड समिती संघ ठरवते. अर्ज भरावा लागतो तो खेळाडूला, आणि त्याची कागदपत्रं नववीच्या गुणपत्रिकेपासून लागतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतून दोन्हींबद्दल सारखी विचारणा होते. पर्ड्यूला किंवा टेक्सस ए अँड एमला शिकणारी मुलं विचारतात की कमी सामने जिंकलेला संघ आत आणि जास्त जिंकलेला बाहेर, हे कसं काय? हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न असतो की नोंदणी कधी करायची आणि भारतातल्या शाळेचे कागद चालतात का. म्हणून दोन्हींची माहिती इथे एकत्र देत आहे.

जागा किती आणि कोणासाठी

२०१४ च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये चार संघ असत. २०२४ पासून बारा झाले आणि २०२६ मध्येही बाराच राहणार आहेत. मात्र जागावाटपाचा नियम बदलतो आहे, तेवढा नीट समजून घ्या.

२०२५ पर्यंत समितीच्या क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स (आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट) विजेत्यांना थेट प्रवेश होता आणि सात जागा खुल्या होत्या. यात मोठ्या कॉन्फरन्सला वेगळं संरक्षण नव्हतं. आता एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी या चारही कॉन्फरन्सच्या विजेत्यांची जागा पक्की असेल, मग ते क्रमवारीत कुठेही असोत. पाचवी थेट जागा उरलेल्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांपैकी क्रमवारीत सर्वांत वर असणाऱ्याला मिळेल. नोटर डेम हे विद्यापीठ फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सचं सदस्य नाही. पहिल्या बारांत आलं तर त्याचीही जागा पक्की. बाकीच्या जागा क्रमवारीप्रमाणे भरल्या जातात.

सहा विजयांची अट अनेकांच्या डोक्यात असते, पण ती बोल सामन्यांसाठी, म्हणजे हंगाम संपल्यावर होणाऱ्या पारंपरिक निमंत्रित सामन्यांसाठी आहे. प्लेऑफसाठी किमान विजयांचा आकडा कुठेच लिहिलेला नाही.

पहिल्या चार मानांकित संघांना पहिल्या फेरीत सूट मिळते. पाच ते आठ क्रमांकाचे संघ डिसेंबरमध्ये आपल्याच कॅम्पसवर सामना खेळतात. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच या सहा बोलमध्ये वाटलेले असतात. २०२४ मध्ये सूट फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना होती. त्यामुळे क्रमवारीत नववं असलेलं बॉइसी स्टेट तिसरं मानांकन घेऊन गेलं, बारावं असलेलं ॲरिझोना स्टेट चौथं, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या टेक्ससला पाचवं मानांकन मिळालं. सूट मिळालेले चारही संघ पुढच्याच फेरीत हरले. मे २०२५ मध्ये तो नियम गेला आणि मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे देणं सुरू झालं. हा बदल योग्यच होता.

कॉन्फरन्सची अंतिम लढत कोण खेळणार

बिग टेनमध्ये १८ संघ आहेत, एसीसीमध्ये १७, एसईसी आणि बिग ट्वेल्व्हमध्ये प्रत्येकी १६. पूर्वीसारखे दोन विभाग आता उरलेले नाहीत. कॉन्फरन्समधल्या विजयांच्या टक्केवारीत पहिले दोन संघ डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अंतिम लढत खेळतात: एसईसी अटलांटात, बिग टेन इंडियानापोलिसला, बिग ट्वेल्व्ह टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला, एसीसी शार्लटला. कॉन्फरन्सबाहेरचे निकाल या दोन जागांसाठी मोजले जात नाहीत. संघ एवढे आणि आपसातले सामने आठ किंवा नऊच, त्यामुळे बरोबरी होणं नेहमीचंच. मग टायब्रेकर लागतो. आधी आपसातला सामना, नंतर समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, तरीही सुटलं नाही तर ज्यांच्याशी खेळलात त्या संघांच्या विजयांची एकत्रित टक्केवारी. बारकावे प्रत्येक कॉन्फरन्सचे वेगळे असतात, पण चाल साधारण हीच.

२०२५ ची एसीसी याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. व्हर्जिनिया ७-१ ने (सात विजय, एक हार) पहिलं आलं. दुसऱ्या जागेसाठी ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि एसएमयू हे पाच संघ ६-२ वर बरोबरीत होते. प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीवर ड्यूक पुढे गेलं. ड्यूक कॉन्फरन्सबाहेर इलिनॉय, टुलेन आणि यूकॉन या तिघांकडून हरलं होतं, म्हणजे एकूण कामगिरी ७-५, आणि मायामीची १०-२. तरी मायामी घरी बसलं. ड्यूकने जादा वेळेत व्हर्जिनियाला २७-२० असं हरवून एसीसी जिंकली. पण पाच हार पदरी असलेला विजेता क्रमवारीत इतका खाली होता की टुलेन आणि जेम्स मॅडिसन या लहान कॉन्फरन्सच्या विजेत्यांनी त्याला मागे टाकून प्रवेश मिळवला. एका मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता बाहेर राहिला. नव्या नियमाने असं होणार नाही. ड्यूक आत गेलं असतं आणि जेम्स मॅडिसनची जागा गेली असती. लहान कॉन्फरन्सच्या चाहत्यांना हे बोचणं अगदी स्वाभाविक आहे.

समिती क्रमवारी कशी लावते

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून समिती दर आठवड्याला टेक्ससमधल्या ग्रेपवाइनला बसते आणि मंगळवारी २५ संघांची क्रमवारी जाहीर करते. प्रत्येक आठवड्यात पाटी कोरी धरायची, असा दंडक आहे. आधी प्रत्येक सदस्य आपल्या मते उत्तम ३० संघांची यादी देतो, त्यात क्रम नसतो. मग सर्वाधिक पसंतीचे सहा संघ काढले जातात आणि प्रत्येक सदस्य त्यांना क्रम देतो. बेरजेत पहिले आलेले तीन संघ पक्के होतात आणि उरलेले तीन पुढच्या फेरीत नव्या नावांबरोबर पुन्हा मोजले जातात. असं करत करत पंचविसापर्यंत जातात. ज्या सदस्याचा एखाद्या विद्यापीठाशी नोकरीचा किंवा तसा जवळचा संबंध आहे, तो त्या संघाला मत देत नाही आणि त्याची चर्चा चालू असताना खोलीबाहेर थांबतो.

संघ तुल्यबळ वाटले तर निकष चार: वेळापत्रक किती कठीण होतं, आपसात कोण जिंकलं, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध काय झालं आणि कॉन्फरन्स कोणी जिंकली. २०२५ पासून वेळापत्रकाच्या मोजणीत तगड्या संघांविरुद्धच्या सामन्यांना जास्त वजन दिलं जातं. दुखापतीही विचारात घेतल्या जातात. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही चारांत आलं नाही, कारण क्वार्टरबॅक (संघाच्या आक्रमणाचा सूत्रधार) जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाला होता. एकही सामना न हरलेल्या मुलांना घरी पाठवणं मला आजही पटत नाही, पण नियमात त्याला जागा होती.

आपसातला सामना किती उशिरा कामाला येतो हे ७ डिसेंबर २०२५ ला दिसलं. आधीच्या मंगळवारी अलाबामा नववं, नोटर डेम दहावं, बीवाययू अकरावं आणि मायामी बारावं होतं. शनिवारी नोटर डेम आणि मायामी दोघंही खेळले नाहीत. बीवाययू बिग ट्वेल्व्हच्या अंतिम लढतीत टेक्सस टेककडून ३४-७ असं हरलं आणि एक पायरी खाली आलं. आता नोटर डेम आणि मायामी क्रमवारीत शेजारी शेजारी आले. दोघांची कामगिरी १०-२. शेजारी आल्यावर आपसातला निकाल पाहिला गेला, असं समितीचे अध्यक्ष हंटर युराचेक यांनी सांगितलं. ३१ ऑगस्टला, हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, मायामीने नोटर डेमला २७-२४ असं हरवलं होतं. मायामी दहावं झालं आणि आत गेलं, नोटर डेम अकराव्या क्रमांकावर बाहेर राहिलं. एसीसीची अंतिम लढतही न खेळलेलं हेच मायामी पुढे टेक्सस ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना हरवून राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचलं. तिथे १९ जानेवारी २०२६ ला इंडियानाने त्यांना २७-२१ असं नमवलं आणि हंगाम १६-० असा संपवला.

त्याच क्रमवारीत अलाबामा मात्र जॉर्जियाकडून २८-७ असं हरूनही नवव्या जागेवरून हललं नाही. बीवाययूला अंतिम लढत खेळल्याची किंमत मोजावी लागली आणि अलाबामाला नाही. समितीच्या कामावर सर्वांत जास्त टीका इथेच झाली आणि ती रास्त होती.

२०२६ मध्ये कुठल्या लढतींकडे बघायचं

१२ सप्टेंबरला ओहायो स्टेट ऑस्टिनला टेक्ससशी खेळायला जाईल. २०२५ मध्ये कोलंबसला, ओहायो स्टेटच्या मैदानावर, टेक्सस १४-७ असं हरलं होतं. नंतर त्यांनी ओक्लाहोमा, व्हँडरबिल्ट आणि टेक्सस ए अँड एम या वरच्या संघांना हरवलं, पण फ्लोरिडाकडून पत्करलेली हार त्यांना नडली, ९-३ वर नियमित हंगाम संपला आणि प्लेऑफ हुकला. टेक्ससचे लोक म्हणत होते की ओहायो स्टेटऐवजी एखादा दुबळा संघ घेतला असता तर १०-२ झालो असतो. मोठ्या विद्यापीठांनी असे सामने टाळायला सुरुवात केली तर सप्टेंबर महिनाच बेचव होईल. म्हणून या लढतीत हरणाऱ्याला समिती डिसेंबरमध्ये कसं वागवते, याकडे माझं विशेष लक्ष असेल.

एसईसीत या वर्षापासून आठऐवजी नऊ आपसातले सामने आहेत. प्रत्येकाचे तीन प्रतिस्पर्धी कायम, बाकीचे सहा आळीपाळीने. टेक्ससला ओक्लाहोमा, टेक्सस ए अँड एम आणि आर्कान्सा. अलाबामाला ऑबर्न, टेनेसी आणि मिसिसिपी स्टेट. जॉर्जियाला फ्लोरिडा, ऑबर्न आणि साउथ कॅरोलायना. नववा सामना म्हणजे कॉन्फरन्समधल्या अर्ध्या संघांच्या खात्यात एक हार जास्त, त्यामुळे तीन हार असलेल्या एसईसी संघाचं काय करायचं हा प्रश्न यंदा नक्की उभा राहील. बिग टेनमध्ये नोव्हेंबरअखेरची मिशिगन-ओहायो स्टेट लढत कोलंबसला आहे.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: ईस्टर्न वेळेनुसार दुपारी बाराचा सामना नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतो, त्यानंतर साडेदहाला. तिकडचे संध्याकाळचे सामने म्हणजे इथली रविवारची पहाट.

खेळाडूची पात्रता आणि कागदपत्रं

कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए विद्यापीठांचे तीन स्तर करते: डिव्हिजन वन, टू आणि थ्री. वन किंवा टूमध्ये खेळायचं असेल तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरचं (पात्रता तपासणाऱ्या केंद्राचं) प्रमाणपत्र लागतं. डिव्हिजन थ्रीमध्ये शैक्षणिक पात्रता विद्यापीठच पाहतं, पण परदेशातून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला हौशी खेळाडू असल्याचं प्रमाणपत्र तिथेही लागतं. फक्त ओळख म्हणून मोफत प्रोफाइल उघडता येतं. ते पुरेसं आहे असं समजून बरेच पालक थांबतात. डिव्हिजन वनसाठी शुल्क भरून पूर्ण प्रमाणन खातं उघडावं लागतं, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी ते शुल्क जास्त असतं.

डिव्हिजन वनची शैक्षणिक अट अशी: नववी ते बारावीत १६ मुख्य विषय-वर्षं, त्यात इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, यांपैकीच एखाद्या विषयाचं आणखी एक, सामाजिक शास्त्रं दोन, आणि परकीय भाषा किंवा तत्सम विषयांसह आणखी चार. या विषयांची सरासरी (४ पैकी) किमान २.३ हवी. अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे १६ पैकी दहा बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्यांतले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. या सातांचे गुण मग तिथेच गोठतात, नंतर परत तोच विषय घेऊन सुधारता येत नाहीत. एसएटी किंवा एसीटीची अट २०२३ मध्ये काढली आहे. विद्यापीठाने स्वतःच्या प्रवेशासाठी मागितली तर गोष्ट वेगळी.

भारतात शिकलेल्यांनी नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, बोर्डाच्या गुणपत्रिका आणि उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र तयार ठेवावं. मराठी माध्यमाचे कागद असतील तर मूळ प्रतीबरोबर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. नववीची गुणपत्रिका घरात सापडत नाही, हा अगदी नेहमीचा अनुभव. बोर्डाकडे ती नसते, ती शाळेच्या दप्तरातूनच काढावी लागते. शिवाय पासपोर्टवर आणि गुणपत्रिकेवर नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असलं, एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे नाहीच, तर ते आधी जुळवून घ्या.

खातं उघडलं म्हणजे तपासणी सुरू झाली असं नाही. एखाद्या कॉलेजने तुमचं नाव आपल्या मागणी यादीत टाकल्यावरच सेंटर फाइल हातात घेतं. म्हणून प्रशिक्षकाशी बोलणं चालू असेल तर यादीत नाव टाकलंय का, हे स्पष्ट विचारा. फॉल सत्रात प्रवेश घेणाऱ्यांना १ एप्रिलपासून अंतिम हौशी-प्रमाणनाची विनंती करता येते आणि ती स्वतः खात्यात जाऊन करावी लागते. शाळा संपल्यावर फुटबॉलपटूला प्रवेशासाठी एक वर्षाची सवलत आहे. त्याहून उशीर झाला आणि मधल्या काळात स्पर्धात्मक सामने खेळले, तर खेळता येणाऱ्या हंगामांची संख्या कमी होऊ शकते.

पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू विद्यापीठाशी करायचा तो बांधील करार, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता विद्यापीठाचा आर्थिक साहाय्याचा लेखी करारच पाहायचा. फुटबॉल संघासाठी १०५ खेळाडूंची मर्यादा आली आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय.

भारतातून जाणाऱ्याला पुढचे टप्पे इतर विद्यार्थ्यांसारखेच: विद्यापीठाकडून आय-२० (प्रवेश मिळाल्याचा व्हिसासाठीचा दाखला), सेव्हिस या विद्यार्थी-नोंद प्रणालीचं ३५० डॉलरचं शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म आणि वकिलातीतली मुलाखत, जी महाराष्ट्रातल्यांसाठी बहुधा मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात होते. पासपोर्ट, आय-२०, सेव्हिसची पावती, डीएस-१६० ची पुष्टी आणि शिष्यवृत्तीचा करार बरोबर असू द्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करण्यावर कडक बंधनं आहेत. संघातले अमेरिकन मित्र जाहिरातींतून पैसे कमावताना दिसतील, पण तसल्या कुठल्याही करारावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन लेखी उत्तर घ्या. प्रशिक्षकाने तोंडी दिलेली परवानगी व्हिसाच्या बाबतीत चालत नाही.