डोळे तीन पिक्सेल सरकले तर

चेहरा ओळखण्याआधी संगणक आणखी एक काम करतो, त्याची फारशी चर्चा होत नाही. फोटोत डोळे, नाक, ओठ कुठे आहेत ते शोधून तो चेहरा सरळ करतो आणि ठरलेल्या चौकटीत बसवतो. ही जुळणी जराशी चुकली तरी पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या मॅथ्यू टर्क आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी मांडलेली चेहरे ओळखण्याची ‘आयगनफेस’ पद्धत बघा. तिच्यात प्रत्येक पिक्सेलच्या जागेला महत्त्व आहे. समजा, संगणकाने डोळे तीन पिक्सेल वर आहेत असं धरलं. मग साठवलेल्या फोटोत जिथे काळी भुवई आहे, तिथे नव्या फोटोत कपाळाची उजळ त्वचा येते. बुबुळाच्या जागी पापणी येते. एकाच माणसाच्या दोन फोटोंतला फरक अशा वेळी दोन वेगळ्या माणसांतल्या फरकाहूनही मोठा ठरू शकतो.

डोळे आणखी अचूक शोधा, असं कुणीही म्हणेल. पण अंधुक फोटो, चष्मा, वळलेली मान यांपुढे अचूकतेला मर्यादा पडते. २००२ मध्ये संशोधक अलेइक्स मार्टिनेझ यांनी प्रश्न उलट्या बाजूने धरला, आणि मला तोच विचार सगळ्यात मोलाचा वाटतो. जागा शोधताना साधारण किती चूक होते, ते आधी मोजायचं. तेवढ्याच मर्यादेत एकाच फोटोच्या मुद्दाम सरकवलेल्या अनेक प्रती करायच्या आणि त्या सगळ्या मिळून त्या व्यक्तीची ओळख मानायची.

फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये चेहऱ्याचे छोटे चौकोन पाडले आणि प्रत्येकात कोणता पोत किती वेळा येतो, तेवढंच मोजलं. चौकोनाच्या आत एखादी रेष थोडी सरकली, तरी मोजणी फारशी बदलत नाही.

२०१४ मध्ये चेहरे ओळखण्याच्या एका प्रमाण चाचणीत फेसबुकच्या ‘डीपफेस’ या प्रणालीची अचूकता सुमारे ९७ टक्के होती; जुळणीची पायरी काढून टाकताच ती ८७.९ वर घसरली. पुढच्याच वर्षी गूगलच्या ‘फेसनेट’ने त्याच चाचणीत नुसत्या कापून घेतलेल्या चेहऱ्यांवर ९८.८७ टक्के गाठले. जुळणी केल्यावर आकडा ९९.६३ झाला, म्हणजे फरक एका टक्क्याहूनही कमी. त्यामागे १० ते २० कोटी फोटोंचं प्रशिक्षण होतं.

सीसीटीव्हीत मात्र दोन डोळ्यांतलं अंतरच वीसेक पिक्सेल असेल, तर दोन पिक्सेलची चूक म्हणजे दहा टक्के. म्हणून प्रशिक्षणातच चौकट मुद्दाम हलवून, लहानमोठी करून फोटो दाखवतात. ही मोकळीक फार वाढवली, तर दोन सख्ख्या भावांमधला बारीक फरकही तिच्यातच पुसला जातो.